नारळाएवढं भोक

आमच्या सरांनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी दारातून परत पाठवलं. कारण काय, तर माझी साडी नायलॉनची होती. देवरूखहून बी.एस्सी. होऊन आलेली मी, त्या प्रयोगशाळेतली पहिलीच मुलगी, आईनं हौसेनं घेतलेली मोरपंखी साडी नेसून दारात उभी, आणि हा पन्नाशीचा किडकिडीत माणूस माझ्या तोंडाकडे न बघता पदराकडे बघत म्हणतो, "ही नको. सुती नेसून या." तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, जुनं खोड आहे, बायकांनी कसं राहावं ते शिकवतंय. भाड्याच्या खोलीवर जाऊन साडी बदलून आले, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. नायलॉन घासलं की वीज धरतं, कधी बारीकशी ठिणगीही उडते, आणि आत हायड्रोजन आहे. हे आधी सांगायला काय झालं होतं? पण आधी माणसाला परत पाठवायचं आणि मग कारण द्यायचं, ही त्यांची रीतच होती.

गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीतला औषधांचा कच्चा माल करणारा कारखाना. आमच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र होतं. तयार मालात कुठलं द्रावक किती उरलंय ते हे यंत्र सांगायचं. त्याच्या पोटात हायड्रोजनची एवढीशी ज्योत जळायची आणि बाजूला कागदाच्या गुंडाळीवर एक पेन रेघ ओढत बसायचं. येणारे वायू शुद्ध आणि कोरडे असले की रेघ सरळ. वायूत जरा मळ असला, जरा ओल असली, की रेघ भरकटलीच म्हणून समजा. त्या एका रेघेपायी सरांचा जीव कधी जागेवर नसायचा. ते बसलेले मला आठवतच नाहीत. नळीला हात लाव, काट्याकडे बघ, पेनाकडे बघ, बाहेर जा, परत ये. संध्याकाळी थांब्यावर गाडी समोर आलेली असताना मागं फिरायचे, सिलेंडरची किल्ली बघितली का नाही म्हणून. आम्ही गाडीत बसून त्यांना परत जाताना बघायचो आणि हसायचो.

रत्नागिरीची हवा तर तुम्हाला माहीतच आहे, मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं. वायू कोरडा करायला नळीच्या वाटेत सिलिका जेलच्या खड्यांची बाटली असायची. खडे निळे म्हणजे कोरडे, गुलाबी झाले म्हणजे ओल पिऊन बसले, भट्टीत भाजून परत निळे करायचे. सर सकाळी कुणाला कसं काय म्हणून विचारायचे नाहीत. "बाई, निळा आहे का?" एवढंच. एकदा मी तापानं चार दिवस घरी राहून आले, तरी तेच. मी म्हटलं, खडे निळे आहेत, मी पिवळी आहे. त्यांनी मान डोलावली आणि बाटली बघायला गेले.

ती ज्योत डोळ्यांना दिसत नाही, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. ती पेटली का नाही ते बघायला पुस्तकात चकचकीत पत्रा धरायला सांगतात. सर नाकावरचा चष्मा काढून धरायचे. काचेवर वाफ धरली की ज्योत पेटली. मग तो तसाच धुकट चष्मा डोळ्यांवर चढवून समाधानानं आमच्याकडे बघायचे. त्या वेळी त्यांना आम्ही कुणीच दिसत नसणार, पण दिवसातून तेवढा एकच क्षण ते खूश असायचे.

"वास येणाऱ्या वायूशी माझं भांडण नाही, तो सांगून येतो," असं ते म्हणायचे. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. म्हणून त्यांच्या खिशात कायम रिठ्याच्या पाण्याची बाटली आणि एक ब्रश. नळीच्या प्रत्येक सांध्याला ते पाणी फासायचं. गळत असेल तर बुडबुडे येतात. कारखान्यात तयार साबण होता, पण सरांना रिठाच हवा, तो घरी भिजवलेला. हे खूळ कारखान्याच्या फाटकाशी संपायचं नाही. एका सहकाऱ्याकडे सत्यनारायण होता. तेव्हा घरोघरी नवे नवे गॅस येत होते. सर चपला काढून देवाकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात घुसले आणि शेगडीच्या नळीला ब्रश फिरवायला लागले. घरची बाई शिऱ्याची कढई हातात धरून बघत राहिली. सर वाकून बघून म्हणाले, "आज नाही." त्या 'आज' शब्दावर ती बाई पुढे वर्षभर चिडलेली होती.

दुसऱ्याचा हात त्यांना चालायचाच नाही. आम्ही कुणी सांधा आवळला की ते तो सोडवायचे आणि परत आवळायचे. हायड्रोजनच्या सिलेंडरचे आटे उलटे असतात, भलती नळी चुकून लागू नये म्हणून. तेवढंही आम्हाला कळत नाही असा त्यांचा समज असावा. मला त्याचा फार राग यायचा. चांगली पहिल्या वर्गात पास झालेली मी, आणि माझ्या हातचं हे असं उकलून बघायचं. तोंडावर कधी बोलले नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र इतरांत बसून त्यांच्या नकला करायचे. ब्रश फिरवून, वाकून, "आज नाही" म्हणायचे. लोक हसून लोळायचे. आज त्याची लाज वाटते.

आणि ते भोक. सरांचं म्हणणं होतं की हायड्रोजनचे सिलेंडर खोलीबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये हवेत. मॅनेजरसाहेब दर वर्षी बघू म्हणायचे. मग सरांनी एका रविवारी येऊन स्वतः छिन्नी-हातोडीनं यंत्राच्या खोलीच्या जांभ्याच्या भिंतीला, अगदी स्लॅबच्या खाली, नारळ जाईल एवढं भोक पाडलं. हायड्रोजन हवेहून हलका, गळला की वर जाऊन आढ्याला बसतो. दाराची चौकट स्लॅबच्या बरीच खाली संपते, तेव्हा वर साचलेला वायू दारानं जात नाही, त्याला वरच वाट हवी. आता ही खोली यंत्रासाठी एसी लावून, खिडक्यांना रबरी पट्ट्या मारून बंद केलेली. त्या भोकातून थंडावा जायचा, पावसाचं पाणी यायचं, चिमण्या काड्या आणून टाकायच्या. मॅनेजरसाहेबांच्या डोळ्यांत ते भोक सलत होतं.

सकाळी आठला खोली उघडायचं काम सरांचं. दार उघडून ते आत जायचे नाहीत. बाहेरच भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, खिशातला रुमाल काढून चष्म्याच्या काचा दोन्ही बाजूंनी सावकाश पुसायचे, चष्मा लावायचे आणि मग आत हात घालून दिव्याचं बटण दाबायचे. खोलीला श्वास घेऊ द्यायचा, म्हणायचे. शिपाई म्हणायचा, सर रोज खोलीची पूजा करतात.

आता त्या शनिवारकडे येते. सोमवारी दुपारी परदेशातले ग्राहक कारखाना बघायला येणार होते. मॅनेजरसाहेब सकाळी आले आणि भोकावरून सरांशी कडाक्याचं भांडले. भिंतीला असं भगदाड ठेवून आम्ही काय दाखवणार लोकांना, म्हणाले. सर फक्त नाही म्हणत होते. हातातला पाना त्यांनी दोनदा ठेवला, दोनदा उचलला. साहेब गेल्यावर सरांनी रिकामा झालेला हायड्रोजनचा सिलेंडर काढून नवा जोडला, पाटीवर खडूनं त्याचा दाब लिहिला, एकशे वीस, आणि गणपतीपुळ्याला बहिणीकडे जायचं होतं म्हणून बाराच्या गाडीला निघून गेले. शनिवारी अर्धाच दिवस असायचा.

ते गेल्यावर मॅनेजरसाहेब परत आले. शिपायाला म्हणाले, भोक बुजव. शिपाई म्हणाला, सर मला कच्चा खातील, मी नाय. साहेब माझ्याकडे वळले. मी उंच आहे. आणि मी अजून कायम झालेली नव्हते. साहेब गोड हसून म्हणाले, तुमचं कायम होण्याचं पत्र सहीसाठी माझ्याच टेबलावर आहे. एवढंच म्हणाले. तुम्हाला सांगते, त्या पत्रावर माझं सगळं अडलेलं होतं. बाबांनी एका वर्षाची मुदत दिली होती. कायम झालीस तर राहा, नाहीतर घरी ये, स्थळं बघायला लागू. मी हातातली कापडी पिशवी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, टेबलावर स्टूल ठेवून चढले, गोणपाटाचा बोळा करून भोकात गच्च कोंबला आणि त्यावर यंत्राचा पांढरा रेघांचा कागद डिंकानं चिकटवला. खालून बघता भिंत अखंड दिसत होती. साहेब खूश झाले आणि मी दुपारच्या गाडीनं देवरूखला घरी गेले.

रविवारी दुपारी मी न्हायला बसले. आईनं रिठे भिजवले होते. डोक्यावर फेस झाला, हाताला फेस लागला, आणि मी तशीच हाताकडे बघत राहिले. काल टेबलावर चढताना सरांची रिठ्याची बाटली मी बाजूला सरकवली होती. घाईत टेबलावरच राहिली होती ती. तिच्याशेजारचा ब्रश कोरडा होता. खडखडीत. नवा सिलेंडर जोडून सरांनी सांध्याला पाणी लावलंच नव्हतं. आणि मी पिशवी कुठं अडकवली? खिळ्याला. तो खिळा सिलेंडरच्या किल्लीचा. सिलेंडर बंद केला की किल्ली खिळ्याला, चालू असला की किल्ली सिलेंडरवर, हा सरांचा नियम. खिळा रिकामा होता म्हणून तर मी पिशवी अडकवली. म्हणजे ज्योत आणि एसी सुट्टीसाठी बंद, पण सिलेंडर चालू, सांधा न तपासलेला, खिडक्या बंद, आणि भोक मी बुजवलेलं. उद्या आठ वाजता सर दार उघडणार, चष्मा पुसणार आणि बटण दाबणार. बटणात ठिणगी उडते हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

ओल्या केसांनी बाजारात धावले. एका दुकानात फोन होता. कारखान्याला ट्रंक कॉल लावायला सांगितला. दोन तास बसले तेव्हा लागला, पण रविवारी ऑफिसला कुलूप, पहारेकरी फाटकावर, घंटा वाजून वाजून बंद झाली. रत्नागिरीची शेवटची गाडी त्यात चुकली. घरी काही बोलले नाही, बोलले असते तर बाबांनी दुसऱ्या दिवशी जाऊच दिलं नसतं. जिवाची नुसती तगमग. अंथरुणावर पडून मी सांधा घट्ट असेल, घट्टच असेल, असं घोकत होते. सरांचा सांधा कधी गळला होता का? कधीच नाही. मग झोप का येत नव्हती?

सोमवारी पहिल्या गाडीनं निघाले. ही गाडी साडेआठला पोचवते, मला आठच्या आत पोचायचं होतं. संगमेश्वरला ड्रायव्हर उतरून कुणाशी तरी गप्पा मारत उभा राहिला, तेव्हा मी खिडकीतून त्याला काय काय बोलले ते सांगत नाही. हातखंब्याला चहासाठी गाडी थांबली. समोर बर्फ भरलेला एक टेंपो बंदराकडे निघालेला. मी सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. दाढीवाले म्हातारे चाचा होते. म्हटलं, चाचा, कारखान्यात माणूस मरेल, मला पोचवा. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. फक्त दार उघडलं आणि वळणावळणाच्या त्या रस्त्यानं टेंपो असा हाणला की मागं बर्फाच्या लाद्या आपटत होत्या. फाटकाशी उतरले तेव्हा आठ वाजून गेले होते.

धावत गेले. दार उघडं होतं. सर भिंतीला पाठ लावून उभे होते, रुमाल खिशात गेला होता, चष्मा डोळ्यांवर चढला होता आणि उजवा हात चौकटीच्या आत चालला होता.

"सर, भोक बंद आहे," मी ओरडले. "मी बुजवलंय. किल्ली सिलेंडरवर आहे. तुम्ही रिठा लावला नाही."

हात तिथंच थांबला. मग हळूच बाहेर आला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. शिपायाला सांगितलं, कुणी कशाला हात लावायचा नाही, सगळे लांब आंब्याखाली. आवारात कलमं होती, पहारेकऱ्याकडे आंबे काढायचा झेला होता. सरांनी तो मागवला. त्याच्या तोंडाला लोखंडी कडी होती, ती बघून तो उलटा धरला, नुसता बांबू पुढे. लोखंड नको, म्हणाले. बाहेरून बांबूनं ढोसून ढोसून त्यांनी माझा बोळा आत पाडला. कागद टराटरा फाटलेला ऐकू आला. मग तासभर ते आम्हाला घेऊन आंब्याखाली उभे राहिले. मॅनेजरसाहेब मधेच आले, पाहुणे येणार, हे काय चाललंय म्हणून. सर घड्याळाकडे बघत राहिले.

तासानं सर खिळे मारलेल्या चपला काढून अनवाणी, दिवा न लावता एकटे आत गेले. किल्ली फिरवून सिलेंडर बंद केला. मग मला हाक मारली. पाटीवर एकशे वीस होतं. काटा सत्तरच्या खाली होता. शनिवार दुपारपासून तो सगळा वायू त्या बंद खोलीत सुटत होता. आणखी थोडा वेळ खोली उघडी ठेवून सरांनी किल्ली जराशी सैल केली, ब्रश पाण्यात बुडवला आणि माझ्या हातात दिला. मी सांध्याला लावला. बुडबुडे आले. मोठे मोठे, एकामागून एक. सांधा त्यांच्या हातचा होता.

मी रडायलाच लागले. माझं चुकलं सर, म्हटलं, मी भोक बुजवायला नको होतं. ते सांध्याकडेच बघत होते.

"ते भोक काय तुमच्यासाठी ठेवलं होतं, बाई?" ते म्हणाले. "तुमचे सांधे मी रोज बघतो. माझे कोण बघतं? ते माझ्यासाठी होतं."

इतके दिवस मी समजत होते की या माणसाचा आमच्या कुणावर विश्वास नाही. त्याचा स्वतःवरच नव्हता, आणि हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. मग त्यांनी नोंदवही पुढ्यात ओढली आणि लिहिलं, सांधा माझा, पाणी लावले नाही, किल्ली काढली नाही. सही केली. वही माझ्याकडे सरकवली. साहेबांनी सांगितलं म्हणून, असं मी लिहिणार होते. ते म्हणाले, सांगणाऱ्याचं तो लिहील, हात कुणाचा ते लिहा. मी लिहिलं, भोक मी बुजवले. मॅनेजरसाहेबांनी ते पान फाडायला सांगितलं. सरांनी वही कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दुपारी पाहुणे आले. त्यातल्या एकानं मान वर करून भोकाकडे बोट दाखवलं. मॅनेजरसाहेबांनी छाती काढून सांगितलं की ही आमची खास सुरक्षिततेची व्यवस्था आहे. पाहुण्यानं वाहवा केली. सर त्या वेळी ज्योतीवर चष्मा धरून उभे होते.

माझं पत्र टेबलावर सहा महिने पडून राहिलं. साहेबांचा राग यायचा तो येतोच, अजूनही येतो. बाबांना मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, आणखी सहा महिने थांबू. पुढे मी कायम झाले. शेडही झाली, सिलेंडर बाहेर गेले. नकला मी त्या सोमवारपासून बंद केल्या. आणि सरांनी माझ्यामागं एक काम लावून दिलं. ते सिलेंडर बदलायचे आणि मला हाक मारायचे, "बाई, माझा सांधा बघा." मी ब्रश फिरवायचे. पाच वर्षांत एकदाही बुडबुडा आला नाही. मी नाही म्हटलं की त्यांना बरं वाटायचं नाही, उलट जास्तच अस्वस्थ होऊन शेडमध्ये येरझाऱ्या घालायचे.

निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, भाषणं झाली. मॅनेजरसाहेब त्या भोकाबद्दलही दोन शब्द चांगलं बोलले. सगळं आटोपल्यावर सर हार काढून टेबलावर ठेवून शेडमध्ये गेले. सिलेंडर बदलायची गरज नव्हती, अर्धाअधिक भरलेला होता. तरी त्यांनी तो काढला, नवा लावला, पाना फिरवला आणि मला हाक मारली. मी पाणी लावलं. खाली बसून बघत राहिले. माझे डोळे भरून आले होते, रिठा गेला म्हणून मी ते खपवलं.

"नाही सर," मी म्हटलं. "एकसुद्धा नाही."

त्यांनी चष्मा काढला, रुमालानं दोन्ही बाजूंनी पुसला, परत लावला आणि माझ्या शेजारी वाकून सांध्याकडे बघितलं.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

मी पुन्हा लावलं.